गप्प बसण्याची अट

२ जुलै २०२३

प्रवेश मिळाला. मिळणारच होता. लेखनाचा नमुना म्हणून वीस पानं मागितली होती, मी बत्तीस दिली. मुलाखतीत एका सरांनी विचारलं, "या वयात लेखनाची पदवी कशाला?" मी म्हटलं, "सर, लिहायला मला येतंच. पदवी तेवढी नाही." समोरच्या तिघांपैकी दोघे हसले, तिसऱ्या बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. त्याच सुचेता मॅडम. पुढची दोन वर्षं माझ्या मार्गदर्शक.

आज पहिल्या दिवशी मॅडमनी एम.ए.च्या अटी समजावल्या. दर शनिवार-रविवार कार्यशाळा, हजेरी सक्तीची. नेमलेली पुस्तकं वाचून प्रत्येकावर टिपण. दुसऱ्या भाषेतून एक अनुवाद. शेवटी प्रबंधाच्या जागी स्वतःचा कथासंग्रह, आणि तो का व कसा लिहिला याची प्रस्तावना. संग्रह जमा करण्याआधी 'लोकवाचन', म्हणजे आपल्याच गावात, आपल्याच माणसांसमोर एक कथा वाचायची आणि ते काय म्हणतात ते ऐकायचं. मग तोंडी परीक्षा. वर्गात सगळी पंचविशीतली पोरं, त्यांचे चेहरे उतरले. मी राहनाळच्या तऱ्यांची सून. एकेका हळदीला अख्ख्या गावाचं जेवण उठवणाऱ्या घरात वीस वर्षं काढली आहेत. असल्या अटींना मी काय घाबरते.

घरी सांगितलं तर मनोज म्हणाला, "शनिवार-रविवार मी गाडी काढतो. कशेळीच्या पुलावरच्या ट्रॅफिकमधी रिक्षात बसलीस तं तिथंच म्हातारी व्हशील." नवरा म्हणून तसा बरा आहे. शेतावर गाळे उभे राहिले, ते कंपन्यांना गोडाऊन म्हणून भाड्याने गेले, तेव्हापासून त्याला वेळच वेळ असतो.

सासूबाई नेहमीप्रमाणे दारात बसल्या होत्या. उंबऱ्यावर बसू नये हे सगळ्या जगाला माहीत आहे, पण गोदूबाईंना कोण सांगणार. जुनं घर पाडून तीन मजली बंगला बांधला, संगमरवरी उंबरा केला, तरी बाई रस्त्याकडे तोंड आणि घराकडे पाठ करून तिथेच. मागे न बघताच म्हणाल्या, "आता आनि काय शिकाचं ऱ्हायलंय?"

त्या पाठीशी बोलायचं मी फार पूर्वीच सोडलं आहे.

१६ जुलै २०२३

एक अट मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितलीच नव्हती. कार्यशाळेत ज्याच्या कथेवर चर्चा, त्याने चर्चा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. खुलासा नाही, 'मला असं म्हणायचं नव्हतं' नाही, मान हलवायचीही नाही. पुस्तक वाचकाच्या घरी गेलं की लेखक त्याच्यामागे जाऊन समजावत बसत नाही, तसं, असं मॅडमचं म्हणणं.

हा कुठला न्याय? आमच्याकडे ज्याचा विषय निघतो तोच सगळ्यात मोठ्याने बोलतो. आज माझ्या कथेचा नंबर होता आणि मी तीनदा बोलले. अनिमेष नावाचा एक मुलगा आहे, बँकेतली नोकरी सांभाळून येतो. तो म्हणाला, शेवट जरा ओढलेला वाटतो. मी म्हटलं, "तुला घाई असेल." मॅडमनी माझ्याकडे नुसतं बघितलं. सुटल्यावर बोलावून म्हणाल्या, "मृणालीताई, तुमचं लेखन सगळ्यांत जिवंत आहे. पण गप्प बसायला शिकल्याशिवाय मी तुम्हाला पास करणार नाही." हसत म्हणाल्या, पण गंमत नव्हती.

संध्याकाळी घरी सराव केला. कोळंबीचं कालवण वाढलं आणि मनोजला म्हटलं, "काय वाटेल ते बोला. मी गप्प बसणार." तो म्हणाला, मीठ जास्त. मी गप्प. म्हणाला, कैरी कमी. मी गप्प. म्हणाला, "उन्नतीच्या हातचं कालवण याच्यापेक्षा..." उन्नती म्हणजे माझी नणंद. तिथे माझा सराव संपला.

सासूबाई पाटावरून उठता उठता म्हणाल्या, "मी तं वीस वर्सं गप हाय. मला न्हाय कुनी डिगरी दिली."

टोमणा मारल्याशिवाय या बाईचं जेवण पचत नाही.

५ नोव्हेंबर २०२३

अनुवादाची अट उरकली. हिंदीतली एक कथा घेतली. बाकीची पोरं शब्दकोश घेऊन बसली होती. मला गरज पडली नाही. आमच्या गाळ्यांवर माल भरणारे, ट्रकवाले, नारपोलीचे लूमवाले, सगळ्यांशी हिंदीतच बोलणं होतं. एका ठिकाणी अडले तेव्हा गाळ्यावरच्या मुकादमाला विचारलं. त्याने अर्थ सांगितला आणि चहाही पाजला. मॅडमचा शेरा: उत्तम. मला कळेना, एवढ्याशा कामाला ओझं का म्हणतात लोक.

पुस्तकांची टिपणंही वेळेवर चालली आहेत. आणि हो, चर्चेत गप्प बसायला जमू लागलं आहे. तोंडात लवंग धरते.

१८ फेब्रुवारी २०२४

आज एक कथा लिहून झाली आणि मला पक्कं ठाऊक आहे की ही माझ्या संग्रहातली सगळ्यात चांगली. नाव 'उंबरा'.

ती घडलेलीच आहे, मला फक्त लिहून काढायची होती. लग्न झालं तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. वडपे माझं माहेर, त्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. वडिलांनी लग्न ठरवताना अट घातली होती की परीक्षा देऊ द्यायची. सासरे, केसरीनाथ तरे, भर बैठकीत म्हणाले होते, "द्या हो परीक्षा. शिकलेली सून म्हंजे घराची शोभा." एप्रिलात पेपर सुरू झाले. पहिल्या पेपरच्या दिवशी मी साडी नेसून, हॉल तिकीट पर्समध्ये घालून पुढच्या दाराशी आले, तर उंबऱ्यावर सासूबाई. दोन्ही हात दोन्हीकडच्या चौकटीला. माझ्याकडे पाठ. मी म्हटलं, आई, मला जायचंय. मान वळली नाही. "आत जा," एवढंच. दुसऱ्यांदा म्हटलं, पुन्हा, "आत जा." अंगणात जीपचं इंजिन चालू होतं, ते तसंच घरघरत राहिलं आणि मग बंद झालं. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी त्या पाठीकडे बघत उभी होते. निळं लुगडं आणि मानेखाली पसरत जाणारा घाम. त्या वर्षी मी परीक्षेला बसले नाही. बी.ए. पुढे मुक्त विद्यापीठातून केलं, सात वर्षांनी.

दुसऱ्या दिवशी सासरे माझ्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाले होते, "मी गाडी घेऊन उभा व्हतो गो बाय. तुझ्या सासूपुढं माझं काय चालतंय." माझ्यावर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. देवमाणूस. जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्या घरघरणाऱ्या जीपसाठी मी त्यांना विसरणार नाही.

कथेत नावं बदलली आहेत. सासूचं वाकडं मनगट मात्र तसंच ठेवलं. सासूबाईंचं उजवं मनगट वाकडं आहे, माझ्या लग्नाच्या वर्षीच विहिरीवर घसरून पडल्या होत्या. असा तयार तपशील मिळाला तर सोडायचा कशाला.

३ मार्च २०२४

'उंबरा'वर चर्चा झाली. मी लवंगेशिवाय गप्प बसले. अनिमेषसुद्धा म्हणाला की अंगावर काटा आला. सगळे बोलले, सासूचं पात्र जबरदस्त. मॅडम काही बोलल्या नाहीत, म्हणजे आवडली असणार.

फक्त क्षितिजा. ती शेवटच्या बाकावर बसते, फार बोलत नाही. म्हणाली, "मला एक कळलं नाही. सासू सुनेला अडवते आहे ना? मग ती पाठ करून का बसली आहे? मी कुणाला अडवलं तर त्याच्याकडे बघेन."

उत्तर माझ्या जिभेवर होतं. अगं, तुला फ्लॅटमध्ये वाढलेलीला दारात बसलेली बाई काय माहीत? आमच्याकडे बायका दारात बसतात त्या रस्त्याकडेच तोंड करून. आणि पाठ फिरवणं हाच तर अपमान आहे, तेच कथेचं मर्म. पण नियम म्हणजे नियम. बोलले नाही. मॅडमनी मात्र क्षितिजाचं वाक्य माझ्या प्रतीवर पेन्सिलीने लिहून दिलं आणि त्याच्याखाली एक रेघ मारली.

परत येताना मनोजला गाडीत पूर्ण कथा वाचून दाखवली. तो हसेल, चिडेल, काहीतरी म्हणेल असं वाटलं होतं. अंजूरफाट्याला सिग्नल सुटला तरी गाडी हलली नाही, मागच्यांनी हॉर्न मारले तेव्हा भानावर आला. मग वडिलांबद्दल म्हणाला, "आबा कुनाला कुठं सोडाला गेल्याचं मला तं आठवत न्हाय."

मी म्हटलं, तुम्ही त्या दिवशी घरी कुठे होतात?

"न्हवतोच," म्हणाला. "सुरतेला गेलो व्हतो, मालाची गाडी घेऊन." आणि पुढे गाडी जोरात हाणली. त्याला आईवर लिहिलेलं सोसत नाही. मुलगेच ते, चालायचंच.

१९ जून २०२४

अर्पणपत्रिका ठरली. 'दारात गाडी घेऊन उभे राहणारे माझे सासरे कै. केसरीनाथ तरे यांस.' एकाच ओळीत सगळं आलं. मॅडम म्हणाल्या, अर्पणपत्रिका शेवटी लिहायची असते. मी म्हटलं, माझी तयार आहे.

२ नोव्हेंबर २०२४

दिवाळीच्या साफसफाईत सासऱ्यांच्या फोटोची काच मीच पुसली, हारही मीच बदलला. दरवर्षी मीच करते. सासूबाई त्या भिंतीकडे फिरकत नाहीत. पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाच्या फोटोला एक फूल घालवत नाही यांच्याच्याने.

संग्रहाच्या नऊ कथा झाल्या, प्रस्तावना अर्धी. वेळेच्या पुढे आहे मी. अनिमेषच्या तीन झाल्यात आणि तो लांब रजेवर जायच्या गोष्टी करतो.

१२ जानेवारी २०२५

लोकवाचनाची तारीख ठरली, ९ फेब्रुवारी. स्वतः मॅडम येणार, त्या दिवशीचे गुण त्या देणार. हे झालं की एप्रिलात संग्रह जमा, मेमध्ये तोंडी परीक्षा आणि पदवी हातात. हे नाही झालं तर पुढचं काहीच नाही. म्हणून जोरात करायचं ठरवलं.

मनोजने एक गाळा मोकळा ठेवला आहे. जुना भाडेकरू गेला, नवा मार्चमध्ये येणार. मंडप नको, वर पत्रा आहेच. खुर्च्या, साउंड, वडापाव, चहा. फ्लेक्सही लावायचा. मी नको म्हणून बघितलं, पण राहनाळमध्ये फ्लेक्स नाही म्हणजे कार्यक्रमच नाही. अंजूरफाट्याच्या फ्लेक्सवाल्याने मजकूर केला, 'आपल्या लाडक्या भावी एम.ए. मृणालीताई तरे यांचे जाहीर कथावाचन'. मधोमध माझा गॉगल घातलेला फोटो, कुठल्याशा लग्नातला. खाली शुभेच्छुकांच्या तीन रांगा, मनोजचे सगळे मित्र मोबाईल कानाला लावून. वर कोपऱ्यात 'प्रेरणास्थान' म्हणून सासऱ्यांचा फोटो टाकायला मी सांगितलं.

मनोज म्हणाला, "आबांचा फोटू कशाला?"

"अर्पणपत्रिका त्यांच्या नावाने आहे."

"मंग 'उंबरा' नको वाचू. ती कंटेनरवाल्याची गोष्ट वाच ना, लोक हसतील तरी."

गावाला घाबरतो तो. मी म्हटलं, लोकांना हसवायला बँजो पार्टी आहे. मी माझी सगळ्यात चांगली कथा वाचणार.

सासूबाईंना आमंत्रण मी रीतसर दिलं. लोकांनी म्हणायला नको. त्यांनी विचारलं, "कंची गोष्ट वाचशील?" मी सांगितलं, 'उंबरा'. म्हणाल्या, "येते."

९ फेब्रुवारी २०२५

वाचन झालं. मॅडमनी गुण दिले, चांगले दिले. अट पूर्ण झाली. आज आणखी लिहवत नाही.

१० फेब्रुवारी २०२५

नीट लिहायलाच हवं.

गाळा भरला होता. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, पोरं मागच्या रिकाम्या खोक्यांवर. वाचन सुरू व्हायच्या आधी सत्कार सुरू झाले. आमच्याकडे स्टेजवरून नाव घ्यायचं राहिलं तर पाच वर्षं अबोला, म्हणून मनोजचा चुलतभाऊ तुळशीराम माइक घेऊन आजी, माजी आणि भावी अशा सगळ्यांची नावं घेत होता. शाली संपल्या तेव्हा नारळ दिले. मॅडम घड्याळ बघू लागल्या. शेवटी मी त्याच्या हातातून माइक घेतला आणि म्हटलं, "राहिलेल्यांचा सत्कार माझ्या हळदीकुंकवाला." बायका हसल्या, आणि मी वाचायला उभी राहिले.

आधी अर्पणपत्रिका वाचली. टाळ्या पडल्या, केसरीनाथ शेठचं नाव आलं म्हणून पुरुषांच्या बाजूने जास्त. मग 'उंबरा'. मी चांगलं वाचलं. इतकं चांगलं मी आधी कधीच वाचलं नव्हतं. वडापावच्या तेलाचा आवाजही थांबला होता. 'आत जा' हे शब्द दुसऱ्यांदा आले तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघीजणी पदराने डोळे पुसत होत्या.

सासूबाईंसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती. ती रिकामीच होती. त्या गाळ्याच्या तोंडाशी, शटर जिथे टेकतं त्या कट्ट्यावर बसल्या होत्या. बाहेर तोंड, स्टेजकडे पाठ. मनात म्हटलं, बघा, आजही.

वाचन संपल्यावर मॅडमनी लोकांना नियम सांगितला. "आता तुम्ही बोला. मृणालीताई एक शब्दही बोलणार नाहीत." तुळशीराम मागून म्हणाला, "हे मंग दर म्हैन्याला ठेवा मॅडम." हशा पिकला. मनोज साउंडवाल्यापाशी उभा होता, तो हसला नाही.

लोक बोलले. एक गृहस्थ म्हणाले, भाषा शुद्ध आहे. एक बाई म्हणाली, माझी सासू याच्याही वरताण होती. मग कुणीतरी चिडवलं, "गोदूबाय, तुझ्यावर लिवलंय गो." पुन्हा हशा.

सासूबाईंनी मान वळवली नाही. तशाच बसून म्हणाल्या, "मी एक इचारते. त्या सासूचं तोंड कुनीकडं व्हतं?"

कुणाला काही कळेना. मी स्टेजवर, तोंड बंद. मॅडमनी माझी पानं उचलली, शोधलं आणि सांगितलं, "अंगणाकडे. सुनेकडे पाठ आहे."

"मंग ती सुनेला कशी आडवत व्हती? गाईला गोठ्यात ठेवाची तं मानूस गाईकडं तोंड करून उभा ऱ्हातो. पाठ करून बसला म्हंजे भायेरच्याला आडवतो तो." मग म्हणाल्या, "आंगनात कोन व्हता, ते लिवाचं ऱ्हायलंय."

मग उठल्या, लुगडं झटकलं आणि वडापाव घरच्या बायकांना पुरतील का ते बघायला मागे गेल्या.

कुणी हसलं नाही. म्हाताऱ्या बायका खाली बघत होत्या. त्यांना माहीत होतं, हे मला तेव्हा दिसलं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, मी नियम मोडते का ते. मी मोडला नाही, पण नियमासाठी म्हणून नव्हे. माझ्याकडे बोलायला काही नव्हतंच. समोर शटरच्या वर, आतल्या बाजूला, तो फ्लेक्स होता आणि कोपऱ्यातून सासरे माझ्याकडे बघत होते, प्रेरणास्थान म्हणून. त्या फ्लेक्सवर अर्धं गाव आहे. सासूबाईंचा फोटो घ्यायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी २०२५

दोन दिवस मी त्यांच्या आजूबाजूने फिरत होते. आज दुपारी जेवणं झाल्यावर त्या उंबऱ्यावर बसल्या आणि मी जाऊन त्यांच्याशेजारी बसले. वीस वर्षांत पहिल्यांदा. उंबरा गार होता.

मी विचारलं, "जीप कशासाठी उभी होती?"

"तुला वडप्याला टाकाला," त्या म्हणाल्या. आवाजात काही नव्हतं, भाजीचं सांगावं तसं. "पेपरला पाय भायेर टाकला तं हीच गाडी हिला बापाच्या दारात सोडील, ती पुन्ना या घरात न्हाय येनार, असं बोलला. मनोज सुरतेला. माझ्या मनात आलं, पोरगी तं ऐकनार न्हाय, जानारच."

"मग?"

"मंग तू आत साडी नेसत व्हतीस, तवाच तो तुला वढत न्याला आत येत व्हता. मी मधी गेले. हात पिरगाळला त्यानं." वाकडं मनगट त्यांनी मांडीवर उलटं केलं. "तरी उंबऱ्यावर बसले. बोलले, आता माझ्या आंगावरून जा. दोन्ही चौकटी धरल्या तं एकाच हातात जोर व्हता. दुपार झाली, तुझा पेपर गेला, तवा त्यानं इंजान बंद केलं."

म्हणजे माझा पेपर बुडवून त्यांनी मला या घरात ठेवलं. यासाठी त्यांचे आभार मानायचे की आजही रागवायचं, हे मला कळत नाही, आणि मी तसंच लिहून ठेवते. पण ती पाठ माझ्याविरुद्ध नव्हती. मला रडू आलं आणि मी रडले. त्यांनी अडवलं नाही.

शेवटी विचारलं, "आई, इतकी वर्षं सांगितलं का नाहीत? मी त्यांना देवमाणूस म्हणत होते तुमच्यासमोर."

"तुला घरात कोनीच आपलं वाटत न्हवतं. मी तं न्हवतेच. एक तो बरा वाटत व्हता." त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. "तेवढं बी काढून घेतलं असतं तं तू ऱ्हायली असतीस का?"

१५ फेब्रुवारी २०२५

आज कॉलेजात जाऊन मॅडमना सांगितलं की संग्रह एप्रिलमध्ये देणार नाही. 'उंबरा' पुन्हा लिहायची आहे. ती बदलली की सासऱ्यांवरच्या आणखी दोन कथा खोट्या पडतात, त्याही लिहाव्या लागतील. मॅडम म्हणाल्या, "लोकवाचन झालंय, गुण दिलेत. आहे तसा दिलात तरी तुम्ही पास आहात. नाहीतर पदवी पुढच्या वर्षावर जाईल. नक्की?"

मी म्हटलं, "नक्की. आणि पुढच्या वर्षी मी पहिली येईन." मॅडमनी हसून मान हलवली. बाहेर क्षितिजा भेटली. तिला कँटीनमध्ये नेऊन मिसळ खिलवली. का ते तिला कळलं नाही. मीही खुलासा केला नाही.

परत येताना गाडीत मनोजला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सुरतेवरून आलो तवा आईच्या हाताला फडकं बांधलेलं. विहिरीवर पडले बोलली. आबा तिथंच बसलेला. मी तिला न्हाय इचारलं, आबाला बी न्हाय." डोळे रस्त्यावरच होते. "तू लिव. माझं नाव बी लिव त्यात." अंजूरफाट्याला गाडी बाजूला लावून तो उतरला आणि तिथल्या खांबावर लावलेला दुसरा फ्लेक्स स्वतः काढून घडी करून डिकीत टाकला. फ्लेक्सवर 'भावी एम.ए.' लिहिलंय, ते अजून खरंच आहे.

अर्पणपत्रिकेचं पान मी काढून टाकलं. मॅडमचं बरोबर होतं, ते शेवटी लिहायचं असतं.

२३ फेब्रुवारी २०२५

आठवडाभर 'उंबरा'चं पहिलं वाक्य जमत नव्हतं. मला वाक्य जमत नाही असं कधी होत नाही. आज दुपारी कळलं की का. मला तो दिवस एकाच बाजूने दिसतो. निळं लुगडं, घाम, आणि त्याच्यापुढे काही नाही.

सासूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. मी त्यांच्या बाजूने वाट काढून बाहेर आले, पायऱ्या उतरले आणि अंगणात, जिथे तेव्हा जीप उभी होती आणि आता पेव्हर ब्लॉक आहेत, तिथे जाऊन त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले. त्या दारात बसलेल्या बाईचा चेहरा मी आजपर्यंत समोरून पाहिला नव्हता.

"काय बगतंस?" त्यांनी विचारलं.

"तोंड," मी म्हटलं. "लिहायचंय."

त्यांनी पदर सारखा केला, वाकडा हात उचलून चौकटीला लावला, मग दुसरा लावला.

"मंग बग," त्या म्हणाल्या. "पन मधी बोलू नको."

मी बोलले नाही.